बिल्ला नसलेलं पातेलं

मांस अर्धंअधिक परतून झालं, तेव्हा पातेल्याच्या काठावर एझराला आपल्या आईचं नाव दिसलं. टिंबाटिंबांनी कोरलेलं, भांड्यांच्या दुकानात कोरून देतात तसं: सौ. मझल झिराडकर, ठाणे, १९८१. 'सौ.'च्या टिंबांत तेल शिरलं होतं आणि त्यामुळे तो 'सौ.' कालपरवाच कोरल्यासारखा ठळक दिसत होता. एझराने गॅस बंद केला. मग परत लावला. बंद करून होणार काय होतं? सातशे ग्रॅम बीफ काही उठून आपलं आपण दुसऱ्या भांड्यात जाऊन बसणार नव्हतं. त्याने हातातलं लाकडी उलथणं ओट्यावर ठेवलं, ओटा तेलकट झाला म्हणून उचललं, पुसलं, आणि पुसलेलं उलथणं पुन्हा त्याच मांसात घातलं. बाहेरच्या खोलीत टीव्हीवरच्या स्नूकरमध्ये कुणीतरी चेंडूला चेंडू मारला. प्रेक्षकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या.

ज्या भांड्यात दूध तापतं त्यात मटण शिजत नाही, आणि ज्यात मटण शिजतं त्यात दूध तापत नाही, हे एझराला चालायला लागायच्या आधीपासून ठाऊक होतं. झिराडकरांच्या ज्यू घरी देव, शाळा आणि इतर सगळं यानंतर यायचं. आणि हे पातेलं दुधाचं होतं. नुसतं दुधाचं नव्हे, *ते* दुधाचं पातेलं होतं. ठाण्यात त्यात दूध तापलं, मग एझरा सहा वर्षांचा असताना ते स्वेटरांत गुंडाळून विमानाने स्लाऊला आलं, आणि पुढची पस्तीस वर्षं दुसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये रोज सकाळी त्यात इंग्लंडचं दूध तापत राहिलं. पप्पा असेपर्यंत रोज म्हणायचे, "अगं, ते कारखान्यातून उकळूनच येतं." आई म्हणायची, "त्यांनी उकळलं असेल. मी नाही उकळलं." यावर पप्पा आपला कप पुढे करायचे. आज सकाळी सात वाजता, ग्लासगोत, एझराच्या ओट्यावर तिने त्यात दूध तापवलं, साय काढली, पातेलं घासून पालथं घातलं. आणि साडेचार वाजता तिच्या मुलाने ते सुलटं करून त्यात गाय टाकली.

तीन आठवडे झाले होते तिला येऊन. ऑगस्टमध्ये ती स्लाऊच्या घरी बाथरूममध्ये पडली, दोन तास तशीच पडून राहिली, आणि नंतर फोनवर म्हणाली, "काही नाही रे, जरा बसले होते." मग आशेरकाकांनी, म्हणजे पप्पांच्या धाकट्या भावाने, तोडगा काढला: वहिनी, तीन आठवडे पोराकडे राहून तर बघा. आवडलं तर राहा, नाही तर परतीचं तिकीट काढलेलंच आहे. ते तिकीट उद्या सोमवारी सकाळी दहा-चाळीसच्या गाडीचं होतं. "रविवारी जेवताना सांगते," आई म्हणाली होती. आज रविवार होता. तिची बॅग अजून खोलीत उघडीच होती. तीन आठवड्यांत तिने एक कपडा कपाटात लावला नव्हता. बॅगेतून बाहेर आलं होतं ते फक्त हे पातेलं. आणि एझराला रात्री झोपेतून उठवणारी गोष्ट बॅग नव्हतीच. आई गोड बोलत होती. "चालेल." "तुम्हाला सोयीचं असेल तसं." "छान आहे हं तुमचं घर." त्याच्या आयुष्यात आई त्याच्याशी असं कधी बोलली नव्हती. आई म्हणजे हुकूम. हात धू. ते खाली ठेव. पाठ सरळ कर. पप्पा गेले त्या सकाळी हॉस्पिटलमधून घरी आल्यावर ती त्याच्याकडे बघून एवढंच म्हणाली होती, "बूट बाहेर काढ," आणि त्याने बूट बाहेर काढले होते, आणि बाहेर जिन्यात बूट हातात धरून तो रडला होता. आता तीच बाई त्याच्या घरात त्याला विचारत होती, "मी इथे बसले तर चालेल ना?" सोफ्यावर. सोफ्यावर बसायला.

मांसाच्या तेलात कांदा पडला आणि चर्र झालं. एझरा पुढचं बघायला फोनकडे वळला. फोनवरच्या व्हिडिओत पांढऱ्या स्वयंपाकघरातली एक आनंदी बाई सांगत होती की या जेवणाची खरी गंमत म्हणजे सगळं एकाच भांड्यात होतं. बीफ, टोमॅटो, पास्ता, सगळं एकाच भांड्यात. ती हे तिसऱ्यांदा सांगत होती. त्याने तिला बंद केलं. घरात भांडी काही कमी नव्हती. आई यायची म्हणून बायकोने, मायकेलाने, दोन नवे सेट आणले होते, आणि एझराने, जो दिवसभर विम्याच्या कंपनीत लोकांच्या अपघातांचे रकाने भरतो, त्रेचाळीस वस्तूंची एक यादी संगणकावर करून प्रत्येक भांड्याला गोल बिल्ला चिकटवला होता. मटणाला लाल, दुधाला निळा. आई येण्याआधी त्यांच्या घरात काय चालायचं हे यादीत नव्हतं. आई आली, तिने बिल्ले बघितले, "फार कष्ट घेतलेत हं" म्हणाली, आणि तीन आठवडे ब्रेड, केळं आणि उकडलेलं अंडं खाऊन राहिली. पोट जरा नाजूक झालंय, म्हणे. एझरा पहिल्याच दिवशी तिच्या पातेल्यालाही निळा बिल्ला लावायला गेला, तेव्हा मात्र तिने ते त्याच्या हातातून काढून घेतलं होतं. "याला बिल्ला नको," ती म्हणाली. "ते कोण आहे ते मला माहीत आहे." तर ते असं राहिलं, बिनबिल्ल्याचं, त्रेचाळिसांच्या बाहेर. शिवाय घरातलं सगळ्यात मोठं, म्हणून आज न बघता हात त्याच्यावरच गेला.

आणि काल दुपारी, ब्रेडची कड काढताना, आई आपणहून म्हणाली होती, "उद्या तू कर काहीतरी. मटणाचं कर." मायकेलाने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दाबला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा आईने काही मागितलं होतं. आईच्या तोंडी मटण म्हणजे कुठलंही मांस; बकऱ्याचं नुसतं मटण, आणि बीफ म्हणजे 'मोठ्याचं'. ठाण्यात मोठ्याचं घरात येत नसे. धर्माला चालत होतं, शेजाऱ्यांना चाललं नसतं, आणि एझराच्या आजीच्या हिशेबी शेजाऱ्यांना न चालणारं देवालाही फारसं पसंत नसावं. स्लाऊला आल्यावर आईने पहिल्यांदा मोठ्याचं शिजवलं तेव्हा तिने सवयीने स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली होती. खाली पार्किंग होतं. एझराला ती खिडकी लावल्याचा आवाज अजून आठवतो, आणि तो रस्सा, नारळाच्या दुधातला, चिंचेचा हात लागलेला, आणि पप्पा पहिला घास घेऊन शेजारच्या भिंतीकडे बघत पुटपुटलेले, "बरं आहे की." आपण चोरी करतोय आणि चोरी रुचकर आहे, एवढंच त्या वयात त्याला कळलं होतं.

त्याने काकांना फोन लावला. आशेरकाका स्लाऊच्या प्रार्थना मंडळाचे तेवीस वर्षं खजिनदार होते, आणि धर्मात न बसणाऱ्या गोष्टींबद्दल त्यांना धर्मात बसणाऱ्या गोष्टींपेक्षा जास्त माहिती होती.

"काका, समजा एक पातेलं आहे," एझरा हळू आवाजात म्हणाला.

"वहिनींचं?"

"मी कुठे म्हटलं?"

"कुजबुजतोयस म्हणून म्हटलं. बोल. दूध की मटण?"

"दुधाचं. त्यात मटण पडलं."

"पडलं म्हणजे कसं? वरून?"

"मी टाकलं, काका. परततोय. आत्ता, तुमच्याशी बोलताना परततोय."

पलीकडे काकांनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "गार होतं का पातेलं? म्हणजे त्यात दूध शेवटचं कधी तापलं होतं? कालच्या आधी असेल तर बघता येतं काहीतरी, कुणाला तरी विचारता येतं."

"आज सकाळी सात वाजता."

पलीकडे खुर्ची पुन्हा मागे सरकली. मग म्हणाले, "एझरा, मी फोन उचललाच नव्हता असं समज."

"काका!"

"अरे मी काय करू? वहिनींनी एकदा माझ्या हातचा चहा सोडला होता वर्षभर, कारण मी चमचा चुकवला. चमचा! आणि तू सबंध पातेलं चुकवलंस." मग आवाज उतरवून, "तिने सांगितलं का काही? उद्याचं?"

"जेवताना सांगणार आहे."

"मग जेवू दे तिला," काका म्हणाले. "दुसऱ्या भांड्यात काढ, हे घासून ठेव, तोंड बंद ठेव. म्हातारी एकटी पडून राहण्यापेक्षा..." आणि त्यांनी वाक्य तिथेच सोडून फोन ठेवला.

दोन तास. जरा बसले होते. एझरा एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. न्हाणीघराची थंड फरशी, गालाखाली, नळाचा थेंब, आणि आपल्याला कुणी शोधत येणार नाही हे माहीत असलेली बाई, छताकडे बघत. ती काय विचार करत असेल त्या दोन तासांत? त्याने तिला विचारलं होतं. "दूध ओट्यावर राहिलं होतं," ती म्हणाली होती. "नासेल म्हणून जीव जात होता." त्याने डब्यातले टोमॅटो ओतले, पाणी ओतलं, पास्ता ओतला. सगळं ढवळलं. पास्ता बारा मिनिटं. बारा मिनिटांत माणूस काहीही ठरवू शकतो. त्याने ठरवलं की काकांचं बरोबर आहे, लाल बिल्ल्याचं भांडं खालून काढलं आणि उकळतं सगळं त्यात ओतायला घेतलं. ते मावलं नाही. निम्म्यातच भांडं काठापर्यंत आलं. त्याने लाल बिल्ल्याचं दुसरं, कढईवजा काहीतरी काढलं. तेही भरलं. तळाशी अजून चार वाटी उरलं, ते कशात काढावं म्हणून तो हातात डाव घेऊन उभा राहिला. एका भांड्यात होणारं जेवण एव्हाना तीन भांड्यांत झालं होतं आणि ओटाभर टोमॅटोचे ओघळ, जणू इथे कुणाला तरी मारलंय. तेवढ्यात अकरा वर्षांची अदीना पाणी प्यायला आत आली. तिने ओट्याकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं, बापाकडे बघितलं.

"डॅडी. हा आजीचा पातेली आहे."

"पातेलं. हो."

"मिल्कवाली."

"हो."

"यू आर सो डेड," अदीना शांतपणे म्हणाली आणि ग्लास भरून घेतला. दारात थांबली. "आजीला कळणार आहे का?"

त्याने तिच्याकडे बघितलं. तिने डोळे त्याच्यावर ठेवून पाण्याचा एक घोट घेतला, जसा आई चहाचा घेते, आणि एझराला एकदम वाटलं की आपण आत्ता 'नाही' म्हटलं तर ही पोरगी ते कुठेतरी आत ठेवून देईल आणि तीस वर्षांनी, आपण न्हाणीघरात पडलो की, बाहेर काढेल. त्याला सात वर्षांचा तो स्वतः आठवला, मित्राच्या वाढदिवसाला चीज घातलेला बर्गर खाऊन आलेला, तोंड तीनदा पुसलेला. आईने दार उघडलं, त्याच्या केसांचा वास घेतला, आणि म्हणाली, "हात धू." एवढंच. नंतर कधीच त्याबद्दल एक अक्षर नाही. तो हात अजून धुतोय असं त्याला कधीकधी वाटतं. मीटिंगमध्ये, बसमध्ये, उगाच तळहात चोळत. आणि आपण तिला हे खाऊ घालणार. तिचा तो नाजूक घास, आधी ओठाला लावून बघितलेला, आणि मग ती म्हणणार, "छान झालंय हं." तिला कळणार नाही. त्याला कळणार. रोज सकाळी सात वाजता, ते दूध वर येताना बघून, त्याला कळणार.

"कळणार आहे," तो म्हणाला. त्याने दोन्ही भांडी परत पातेल्यात ओतली, गॅस बारीक केला, नारळाच्या दुधाचा डबा फोडून वर घातला, कारण व्हिडिओतली बाई इथे क्रीम आणि चीज सांगत होती आणि एका दिवसात एवढंच पाप पुरे होतं. मग हात पुसत बाहेर गेला.

आई सोफ्याच्या अगदी कडेला बसली होती, बसमध्ये पुढच्या स्टॉपला उतरणारं माणूस बसतं तशी. सहा वर्षांचा धाकटा, टोबी, तिच्या मांडीला टेकून झोपला होता. पडद्यावर कमरेत वाकलेला एक माणूस हिरव्या टेबलाकडे बघत होता.

"आई."

तिने एक बोट वर केलं. थांब. तो थांबला. माणसाने मारलं, चेंडू भोकाच्या तोंडाशी जाऊन राहिला. आईने जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं. "घाई," ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. "बोला."

बोला. त्याने हात पुन्हा पुसले. "आई, मी तुझ्या दुधाच्या पातेल्यात बीफ शिजवलं."

टीव्हीवर कुणीतरी कुजबुजत आकडे सांगत होतं.

"किती?"

"सातशे ग्रॅम."

"खिमा का तुकडे?"

"खिमा."

"आत्ताच झालं?"

"पाऊण तास झाला. मग दुसऱ्या भांड्यात काढत होतो. तुला न सांगता. मग परत घातलं." हे सांगायची गरज नव्हती, पण एकदा नळ सुटला की सुटतो. "काका म्हणाले सांगू नकोस."

"आशेरला फोनपण झाला," आई म्हणाली. तिने टोबीचं डोकं अलगद उशीवर ठेवलं, गुडघ्यांवर हात टेकून उठली, आणि स्वयंपाकघरात गेली. एझरा मागे. तिने झाकण काढलं. वाफ तिच्या चष्म्यावर बसली, तशीच ती आंधळी होऊन पातेल्यापुढे उभी राहिली, आणि एझराला तिचे डोळे दिसेनात. आत पास्ता बुडबुडत होता, टोमॅटोवर नारळाचं दूध तवंगासारखं पसरलेलं. तिने झाकण पुन्हा ठेवलं.

"छान वास येतोय," ती म्हणाली. "तुम्ही खाऊन घ्या. मुलांना भूक लागली असेल."

"आम्ही हे खायचं?"

"तुमचं घर आहे," आई म्हणाली.

मायकेला सहाला औषधांच्या दुकानातली ड्यूटी संपवून आली, तिने नवऱ्याचं तोंड बघितलं, अदीनाने तिच्या कानात दोन वाक्यं सांगितली, आणि ती कोट न काढताच म्हणाली, "ओ, एझरा." मग सगळे जेवायला बसले, कारण दुसरं काय करणार? पातेलं टेबलाच्या मधोमध. नाव आईच्या बाजूला होतं. एझराने फिरवून आपल्याकडे केलं, मग ते आणखीच वाईट वाटलं. आईपुढे ब्रेडचे दोन तुकडे, केळं आणि एक अंडं. ती अंडं सोलत होती, टरफल न तुटता, एका लांब सालीत. एझराने एक घास घेतला. चांगलं झालं होतं. हे फारच भयंकर होतं. त्याला ते कडू, करपलेलं, शिक्षेसारखं लागायला हवं होतं आणि ते लागत होतं थेट त्या लावलेल्या खिडकीमागच्या रश्श्यासारखं. तो आईच्या बोलण्याची वाट बघत होता. दहा-चाळीस. पुन्हा तो जिना, ते न्हाणीघर. जरा बसले होते.

"आजी, मोअर आहे?" टोबीने झोपाळल्या आवाजात पातेल्याकडे बोट दाखवून विचारलं.

सगळ्यांचे हात थांबले. आईने अंड्याची साल बशीच्या कडेला ठेवली, डाव उचलला, पातेल्यात खालून नीट ढवळलं, आणि टोबीच्या बशीत वाढलं. डावाला चिकटलेलंही काठावर आपटून काढलं. "मीठ लागतंय का?" तिने विचारलं, आणि टोबीने तोंड भरलेलं असताना मान हलवली. तिने अदीनाला वाढलं. मायकेलाला वाढलं. एझराच्या बशीत वाढताना तिचा हात थोडा थांबला, मग जास्तच वाढलं. आणि स्वतः आपलं अंडं मीठ लावून खाल्लं.

जेवणं झाली तरी तिने उद्याचं काही सांगितलं नाही, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. एझरा रिकामं पातेलं सिंकमध्ये घेऊन गेला, तळाला लागलेलं बघून तारेची घासणी उचलली.

"ती नको," मागून आवाज आला. "चरे पडतील."

त्याने घासणी खाली ठेवली. मागे वळून बघायचं धाडस झालं नाही.

"गरम पाणी घालून ठेव. राहू दे रात्रभर. आणि बाही वर कर, भिजतेय." त्याने बाही वर केली. "उद्या त्याला लाल बिल्ला लाव."

"लावतो."

"आणि दुधाला दुसरं आण. हे तुमचं निळं पातळ आहे, लागतं बुडाला. जाड बुडाचं आण, चार लिटरचं."

"उद्या?" एझरा नळाकडे बघत म्हणाला. "सकाळी?"

"सकाळी सातला दुकानं उघडतात का इथे? दुपारी आण. सकाळच्याला चालवून घेईन कसंतरी." ती ओट्याशी आली आणि मघाचे टोमॅटोचे ओघळ बोटाने तपासू लागली. "आणि नाव घालून आण."

"इथे दुकानात नाव घालत नाहीत, आई."

"मग खिळा आण. मी घालते."

पाणी पातेल्यात चढत होतं. टिंबांमधलं तेल सुटून वर आलं. "काय घालायचं?" त्याने विचारलं. "तसंच?"

"सौ. नको आता," आई म्हणाली. "नुसतं मझल झिराडकर. साल घाल. गाव घाल."

"गाव कुठलं?"

आईने चष्मा कपाळावर सारला आणि त्याच्याकडे बघितलं. मठ्ठ पोराला आई बघते तसं, जसं तिने तीन आठवड्यांत एकदाही बघितलं नव्हतं. "पातेलं राहणार कुठे आहे?" ती म्हणाली. "आणि उभा काय राहिलायस? खिळा बघ."

एझराने घरभर खिळा शोधला. पहिला ड्रॉवर, दुसरा ड्रॉवर, बॅटऱ्यांचा डबा, जिन्याखालचं कपाट. त्या घरात एकही खिळा नव्हता. फोटो, आरसे, घड्याळ, सगळं गेली आठ वर्षं चिकटपट्टीवर उभं होतं, हे त्याच्या आजच लक्षात आलं. बाहेर जाऊन त्याने शेजारच्या म्हाताऱ्याची बेल वाजवली. म्हाताऱ्याने दार उघडलं, हातात टॉवेल.

"एक खिळा मिळेल का?" एझराने इंग्रजीत विचारलं. त्याला दम लागला होता.

"एकच?"

"एकच. पण पक्का."

म्हातारा आत गेला, बराच वेळ खुडबुडला, आणि तळहातावर तीन वेगवेगळे खिळे घेऊन आला. एझराने सगळ्यात जाड उचलला, थँक यू म्हणाला, मुठीत धरून घरी आला. दार अजून लोटलं नव्हतं तोच आतून, गॅसपाशी कुठूनतरी, आवाज आला:

"आणि हातोडी?"

एझरा उलटा फिरला.